काम सुटलं मे महिन्यात, भत्ता आला नोव्हेंबरात : शिरोलीच्या एका फाउंड्री कामगाराचं प्रकरण

पगारातून ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) पैसे कापतात ते दवाखान्यासाठी, एवढंच कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या बहुतेक कामगारांना ठाऊक असतं. त्याच कपातीच्या जोरावर नोकरी गेल्यानंतर काही काळ रोख मदतही मिळू शकते, हे कुणीतरी सांगितलं तरच कळतं. या मदतीचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. १ जुलै २०१८ ला ती सुरू झाली तेव्हा रोजच्या सरासरी कमाईच्या २५ टक्के रक्कम मिळायची. करोनात, २४ मार्च २०२० पासून बेकार झालेल्यांसाठी ती ५० टक्के झाली. मदत जास्तीत जास्त ९० दिवसांची, आणि आयुष्यात एकदाच.

कामगारांचे पीएफ-ईएसआयचे अर्ज भरून देणं आणि त्यांचा पाठपुरावा करणं हे माझं काम. २०२१ मधलं हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण यात एकाच माणसाचे पैसे तीन वेगवेगळ्या जागी अडले आणि तिन्ही वेळा त्याला मिळालेल्या उत्तराचा अर्थ एकच होता : "अजून झालेलं नाही, थोडं थांबा." कुठं अडलंय हे कळल्याशिवाय थांबण्याला काही अर्थ नसतो. कामगार, ठेकेदार, कारखाना, बँक, कुणाचंच नाव देत नाही. त्यातले काही जण आजही एकमेकांच्या समोर येतात.

काम कसं सुटलं

ज्यांचं हे प्रकरण ते मामा करवीर तालुक्यातल्या नदीकाठच्या गावचे, पन्नाशीला टेकलेले. शिरोलीतल्या स्टील कास्टिंगच्या एका फाउंड्रीत, म्हणजे पोलाद वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, ठेकेदाराकडून फेटलिंग शॉपला होते. पगार महिन्याला साधारण १५,००० रुपये, म्हणजे ईएसआयच्या २१,००० च्या मर्यादेत. जुलै २०१९ पासून कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के असा हिस्सा ठरलाय. त्या हिशेबानं मामांचे महिन्याला ११३ रुपये जायचे. ते नियमानं भरलेही जात होते, ही या प्रकरणातली मोठी जमेची बाजू. पैसे कापून न भरणारा ठेकेदार असता तर गोष्ट पहिल्याच पायरीवर संपली असती.

फेटलिंग म्हणजे साच्यातून निघालेल्या कास्टिंगचे रनर-रायझर (ओतताना त्याला चिकटून राहिलेले जादा भाग) काढायचे, चिपिंग-ग्राइंडिंग करून माल साफ करायचा. स्टीलचा रायझर हातोड्यानं उडवता येत नाही, गॅसनं कापावा लागतो आणि त्याला ऑक्सिजन लागतो. २२ एप्रिल २०२१ पासून केंद्र सरकारनं मोजके उद्योग वगळता बाकीच्यांचा ऑक्सिजन थांबवला. दवाखान्यांत माणसं ऑक्सिजनसाठी तडफडत असताना तो निर्णय योग्यच होता. पण त्याची किंमत फेटलिंगच्या माणसांनी मोजली. माल साचला, मेल्टिंग कमी झालं. त्यातच मे महिन्यात जिल्ह्यात कडक लॉकडाउन लागला. शनिवारी, २९ मे रोजी सुपरवायझरनं सांगितलं, "सोमवारपासून येऊ नका, काम लागलं की फोन करतो." पत्र नाही, नोटीस नाही, हिशेब नाही.

फोन काही आला नाही.

पहिली अडचण : कागदावर मामा रजेवर होते

बेकार झाल्यावर ३० दिवसांनी या योजनेत दावा करता येतो. पूर्वी ही अट ९० दिवसांची होती आणि अर्ज मालकाच्या हातून जायचा. २०२० च्या बदलानंतर कामगार स्वतः पोर्टलवर दावा भरू शकतो. मामा जुलैच्या सुरुवातीला गावातल्या महा ई-सेवा केंद्रात गेले, तर दावा पुढं सरकेना. केंद्रातल्या पोरानं सांगितलं, "मामा, तुम्ही अजून कामावरच दिसताय."

यामागचं कारण समजून घेणं फार महत्त्वाचं आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

ठेकेदार दर महिन्याला प्रत्येक कामगाराचे दिवस आणि पगार ईएसआयच्या पोर्टलवर भरतो. जूनचं भरणं १५ जुलैपर्यंत करायचं असतं. म्हणजे मामा केंद्रात गेले तेव्हा ते कामावर नसल्याची नोंद मुळात झालीच नव्हती. पुढं ती झाली, पण चुकीची. एखाद्या कामगाराचे दिवस शून्य असले की पोर्टल कारण विचारतं आणि त्यासाठी एक ठरलेली यादी आहे. रजेवर, नोकरी सोडली, निवृत्त, मयत, काम स्थगित, संप किंवा टाळेबंदी, कामगार कपात, काम नाही, अशी कारणं त्यात असतात. प्रत्येकाला आकडा आहे. १ म्हणजे रजेवर, २ म्हणजे नोकरी सोडली, १० म्हणजे कामगार कपात, ११ म्हणजे काम नाही. नोकरी सोडली किंवा कपात निवडली तर कामाचा शेवटचा दिवस भरावाच लागतो. रजेवर निवडलं तर तारीख लागत नाही.

ठेकेदाराचं भरणं करणाऱ्या कन्सल्टंटनं जूनच्या ओळीत १ टाकला होता. त्याचं म्हणणं असं, की ठेकेदार माणसांना परत बोलावणारच होता, मग शून्य हजेरीला रजाच टाकतात. यात कपट नव्हतं. एका वेळी शेकडो कामगारांची शीट चढवताना सगळ्यात कमी त्रासाचा आकडा टाकला जातो, इतकंच. पण त्या एका आकड्यानं मामांची बेकारी कागदावरून पुसली गेली. शेवटच्या दिवसाची तारीख नाही म्हणजे ३० दिवस मोजायला सुरुवातच नाही.

इथं मला मनापासून वाटतं ते सांगतो. पीएफमध्ये हीच अडचण वर्षानुवर्षं होती. ठेकेदार नोकरी सोडल्याची तारीख टाकत नाही म्हणून पैसे अडकायचे. जानेवारी २०२० पासून पीएफच्या पोर्टलवर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिने उलटले की कामगाराला स्वतः आधारच्या ओटीपीनं ती तारीख टाकता येऊ लागली. एका सोयीनं केवढे हेलपाटे वाचले, हे या कामातल्या कुणालाही विचारा. बेकारीच्या मदतीत तर याची गरज त्याहून जास्त आहे. ज्याला काम नाही त्याला काम नाही हे सिद्ध करायला ज्यानं काढलं त्याच्याच बोटाकडं बघत बसावं लागतं, हा अन्याय आहे.

ठेकेदाराशी बोलणी

मधल्या काळात महापूर आला. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी कितीतरी मागं टाकली, शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक काही दिवस बंद पडली. मामांचं घर रिकामं करावं लागलं. कागदपत्रांची पिशवी मामींनी आधीच पाहुण्यांकडं नेऊन ठेवली होती. ते प्रसंगावधान नसतं तर आधार आणि पासबुक नव्यानं काढण्यात आणखी महिना गेला असता.

ऑगस्टच्या सुरुवातीला ठेकेदाराला गाठलं. त्याच्याशी भांडण नको, काम हवं, हे मामांनी आधीच बजावलं होतं. मागणी एवढीच होती, की जुलैच्या भरण्यात मामांच्या ओळीत खरं कारण आणि २९ मे ही तारीख टाकावी. जुलैचं भरणं १५ ऑगस्टपर्यंत करायचं होतं, त्यामुळे वेळ होता.

तारखेला त्याची हरकत नव्हती. कारणाला होती. "कपात टाकली तर उद्या भरपाई मागायला येतील की हे," असं तो म्हणाला. त्याची भीती निराधार नव्हती. त्या वेळी लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५-एफ प्रमाणे किमान वर्षभर सलग काम केलेल्याला कपातीत काढायचं तर महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागं १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागायचा. मामांच्या एवढ्या वर्षांच्या नोकरीला ती रक्कम बेकारीच्या मदतीपेक्षा कितीतरी जास्त झाली असती. म्हणजे कामगार ज्या कारणानं बेकार झाला ते खरं कारण लिहिण्यात मालकाचं नुकसान असतं. मग सर्रास २ टाकला जातो, "नोकरी सोडली".

आम्हाला २ नको होता. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला, निवृत्त झालेल्याला आणि गैरवर्तनाबद्दल काढलेल्याला ही मदत मिळत नाही. "सोडली" या नोंदीवरून उद्या कुणी स्वतःहून सोडल्याचा अर्थ काढला तर? शेवटी तडजोड झाली. पोर्टलवर २ आणि २९ मे ही तारीख, आणि सोबत ठेकेदाराच्या लेटरहेडवर सही-शिक्क्याचं पत्र : "उत्पादन घटल्यामुळे काम उपलब्ध नसल्याने २९ मे २०२१ नंतर यांना काम देता आलेले नाही." या पत्राची प्रत मूळ कारखान्यालाही दिली. त्या वेळच्या ईएसआय कायद्याच्या कलम ४० प्रमाणे ठेकेदाराच्या कामगारांचा हिस्सा भरण्याची पहिली जबाबदारी मूळ मालकाचीच असायची, त्यामुळे कारखान्याच्या ऑफिसला कळवलं की ठेकेदाराचे कागद लवकर हलतात.

भरपाईचा हक्क आम्ही सोडून दिला नाही, तसं काही लिहूनही दिलं नाही. पण तो विषय त्या दिवशी काढला असता तर पत्र मिळालं नसतं.

पात्रता आणि रक्कम

दाव्याआधी बसून पात्रता तपासली. ईएसआयची अंशदानाची, म्हणजे हिस्सा भरण्याची, वर्षात दोन सत्रं असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. मूळ नियमात आधीच्या चारही सत्रांत किमान ७८ दिवसांचं भरणं हवं होतं. तो नियम तसाच राहिला असता तर मामा बाद होते, कारण २०२० च्या एप्रिल-सप्टेंबर सत्रात त्यांचे ७१ दिवसच भरले होते. एप्रिल-मे कारखाना बंद, जुलैत पुन्हा जिल्ह्यात लॉकडाउन. २०२० च्या सवलतीच्या नियमात लगतच्या सत्रात ७८ दिवस आणि उरलेल्या तीनपैकी कोणत्याही एकात ७८ दिवस पुरतात, शिवाय एकूण दोन वर्षांची विमायोग्य नोकरी हवी. त्यात मामा सहज बसले.

रक्कम मात्र त्या लॉकडाउननं खाल्ली. चार सत्रांतली एकूण कमाई भागिले ७३० ही रोजची सरासरी, असा हिशेब आहे. मामांची दोन वर्षांची नोंदलेली कमाई ३,०६,६०० रुपये. भागिले ७३० म्हणजे ४२०. त्याचे निम्मे २१०. गुणिले ९०, म्हणजे १८,९०० रुपये. तेच सगळे महिने पूर्ण भरले असते तर सरासरी ४९३ च्या आसपास आणि मदत २२,००० च्या वर गेली असती. सरकारी आदेशानं कारखाने बंद होते ते दिवसही ७३० मध्ये मोजले जातात आणि कमाईत शून्य धरले जातात. ज्या संकटासाठी मदत वाढवली, त्याच संकटानं ती परत कापली. यावर कुठं दाद मागायची सोय आम्हाला दिसली नाही.

३० मे ते २७ ऑगस्ट असे ९० दिवस पूर्ण झाल्यावर, ३० ऑगस्टला दावा भरला. पुढच्या तारखांचा दावा करता येत नाही, त्यामुळे तोवर थांबून तिन्ही महिन्यांचा एकदम केला. पूर्वी २० रुपयांच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र लागायचं. ते पुढं बंद झालं, तरी "स्टॅम्प आणा" म्हणून माणसांना परत पाठवल्याचं आजही कानावर येतं. मामांनी दाव्याची सही केलेली प्रिंट, आधार, पासबुक आणि ठेकेदाराचं पत्र ईएसआयच्या शाखा कार्यालयात दिलं आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. हा शिक्का पुढं फार उपयोगी पडला.

दुसरी अडचण किरकोळ होती. ईएसआयच्या नोंदीत नाव-आडनाव एवढंच होतं आणि आधारवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव. दुरुस्तीचा अर्ज, आधारची प्रत, काम झालं. पण त्यात सप्टेंबरचे बरेच दिवस गेले. शिवाय योजनेची मुदत ३० जून २०२१ ला संपली होती आणि ती ३० जून २०२२ पर्यंत वाढवल्याची घोषणा सप्टेंबरात झाली. मामांची बेकारी जूनच्या आधीची असल्यामुळे त्यांना त्यानं फरक पडायचं कारण नव्हतं. तरी खिडकीवर प्रत्येकाला "आदेश येऊ द्या" हेच ऐकावं लागत होतं.

तिसरी अडचण : पैसे गेले, पण पोहोचले नाहीत

ऑक्टोबरच्या सुरुवातीला पोर्टलवर दावा मंजूर दिसला. मामांनी मामींच्या बचत गटातून घेतलेल्या कर्जाचा हप्ता त्या भरवशावर पुढं ढकलला. आठवडा गेला, दुसरा गेला. कार्यालयात विचारलं तर "आमच्याकडून पैसे गेलेत." बँकेत विचारलं तर "आमच्याकडं आलेच नाहीत." दोन्ही उत्तरं खरी होती आणि दोन्हींमधून मामांच्या पदरात काही पडत नव्हतं. १८००-११-२५२६ या ईएसआयच्या टोल-फ्री नंबरावर कॉल केला. तिथंही दावा मंजूर आहे एवढंच कळलं. मामा अक्षरशः रडकुंडीला आले होते. "दादा, मंजूर म्हंजे नक्की काय वो? पैसं मिळणार का न्हाई, एवढंच सांगा की."

त्यांचं पासबुक मागवून घेतलं आणि तिथं गाठ सुटली.

त्यांचं खातं विलीन झालेल्या बँकांपैकी एकीत होतं. १ एप्रिल २०२० ला आंध्र आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत गेल्या, सिंडिकेट कॅनरात, ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये, अलाहाबाद इंडियन बँकेत. त्याआधी एप्रिल २०१९ मध्ये विजया आणि देना बँक ऑफ बडोद्यात गेल्या होत्या. खातेदाराच्या दृष्टीनं शाखा तीच, काउंटरवरची माणसं तीच, फक्त पाटी बदलली. पण आयएफएससी कोड (बँकेची शाखा ओळखायचे कोड) बदलले आणि जुने कोड एकेका तारखेला बंद होत गेले. विजया-देनाचे मार्च २०२१ च्या सुरुवातीला, आंध्र-कॉर्पोरेशनचे मार्चअखेर, सिंडिकेटचे ३० जून २०२१ नंतर. सिंडिकेटच्या कोडमध्ये आधीची चार अक्षरं बदलून सीएनआरबी झाली आणि पुढच्या आकड्यात १०,००० मिळवले गेले. ज्याचं काम एटीएम कार्डावर चालतं त्याला यातलं काहीच जाणवत नाही. मामांचं पासबुक जुनंच होतं, त्यावर छापलेला कोड जुना, ईएसआयच्या नोंदीतला कोडही जुना, आणि ई-सेवा केंद्रातून जोडलेली प्रतही त्याच पानाची.

बंद कोडवर पाठवलेले पैसे हवेत विरत नाहीत. एनईएफटीनं (एका बँकेतून दुसरीत बॅच-बॅचनं पैसे पाठवायच्या पद्धतीनं) गेलेली रक्कम जमा होऊ शकली नाही तर ती पाठवणाऱ्याच्या खात्यात परत यायला हवी, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार त्यासाठी संबंधित बॅच मिटल्यापासून दोन तासच मिळतात. म्हणजे मामांचे १८,९०० रुपये बहुधा त्याच दिवशी परत गेले होते आणि तिथं पडून होते. परत आलेल्या रकमेचं कामगाराला कळवणं कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं.

तक्रार कशी लिहिली

मामांनी आधी केंद्रातून एक तक्रार घातली होती. तिचा मजकूर असा : "मी गरीब कामगार असून माझे काम गेले आहे. पुरात नुकसान झाले आहे. तरी माझे पैसे लवकरात लवकर मिळावेत ही नम्र विनंती." यातला शब्द न् शब्द खरा आहे. पण याला "प्रकरणी उचित कार्यवाही सुरू आहे" असं उत्तर देऊन तक्रार निकाली काढता येते, आणि तसंच झालं.

दुसऱ्या वेळी आम्ही मराठीत मसुदा केला आणि केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रारींच्या पोर्टलवर तो हिंदीतून घातला. ईएसआय केंद्राच्या श्रम मंत्रालयाखाली येतं, त्यामुळे तक्रार तिथंच जाते. राज्याच्या पोर्टलवर घातली तर फिरत बसते. मसुदा असा होता :

"विमा क्रमांक अमुक. दावा दि. ३० ऑगस्ट २०२१ रोजी केला, शाखा कार्यालयाची आवक पोच सोबत जोडली आहे. दावा पोर्टलवर मंजूर दिसतो. रक्कम खात्यात जमा नाही, बँकेचे तसे पत्र सोबत आहे. कृपया कळवावे : (१) रक्कम कोणत्या तारखेला, कोणत्या खाते क्रमांकावर व कोणत्या आयएफएससी कोडवर पाठवली, (२) व्यवहाराचा यूटीआर क्रमांक काय, (३) रक्कम परत आली असल्यास कोणत्या तारखेला व कोणत्या कारणाने, (४) बँक विलीनीकरणामुळे आमचा कोड बदलला आहे, नवा कोड व रद्द केलेला धनादेश सोबत आहे, त्यावर रक्कम कधी पाठवली जाईल."

या चार प्रश्नांना "कार्यवाही सुरू आहे" हे उत्तर बसत नाही. यूटीआर विचारला की कुणाला तरी पेमेंटची यादी उघडावीच लागते आणि ती उघडली की परत आलेली रक्कम समोर दिसते. त्याच दिवशी शाखा कार्यालयातही नव्या कोडचा अर्ज, बँकेनं शिक्का मारून दिलेलं नवं पासबुक पान आणि रद्द केलेला धनादेश दिला, पुन्हा आवक शिक्क्यासह. फक्त पोर्टलवर विसंबून राहिलं तर वरून विचारणा येते तेव्हा खाली कागद सापडत नाही. फक्त खिडकीवर कागद दिला तर वरून कुणी विचारत नाही. दोन्ही हवं.

सीपीग्राम्सवरच्या तक्रारी निकाली काढायची मुदत त्या वेळी ४५ दिवसांची होती. त्यातही काही हललं नसतं तर माहितीच्या अधिकारात हेच प्रश्न विचारायचे ठरवलं होतं. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक. त्याची गरज पडली नाही. तक्रार गेल्यावर काही दिवसांतच शाखा कार्यालयातून मामांना फोन आला आणि रक्कम परत आल्याचं, कोड दुरुस्त केल्याचं सांगितलं. हा फोन करणाऱ्या कर्मचाऱ्यानं मामांशी फार नीट आणि सबुरीनं बोलणं केलं, तेही इथं नोंदवायला हवं. करोना, पूर आणि बेकारांची रांग असताना मोजक्या माणसांवर ते कार्यालय चाललं होतं. दोष एखाद्या माणसात शोधण्यापेक्षा पैसे परत आल्याचा एसएमएस जाईल अशी व्यवस्था का नाही, हा प्रश्न विचारणं मला जास्त रास्त वाटतं. मंजुरीचा संदेश पाठवता येतो, तर परतीचाही पाठवता येईल.

४ नोव्हेंबरची दिवाळी तशीच गेली. त्यानंतर, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात १८,९०० रुपये जमा झाले. काम सुटल्यापासून जवळजवळ सहा महिन्यांनी. गटाचं कर्ज फिटलं, थोडे घराच्या डागडुजीला गेले. त्या आधीचे महिने मामांनी शेतातल्या रोजगारावर आणि दसऱ्यानंतर गुऱ्हाळावर काढले होते. ९० दिवसांच्या मदतीचा उद्देश काम नसताना घर चालावं हा असतो. ते तीन महिने मामांच्या घरानं उसनवारीवर काढले आणि मदत आली ती उसनं फेडायला.

बाकीच्यांचं काय झालं

मामांचं प्रकरण मार्गी लागत असतानाच ठेकेदाराची जूनची यादी नीट तपासून घेतली. मामांबरोबर घरी बसवलेल्या इतरांच्या ओळीतही तोच १ होता. त्यांपैकी ज्यांना परत बोलावलं होतं त्यांचा प्रश्न नव्हता. बाकीच्यांचे अर्ज एकत्र केले, तारखा दुरुस्त करून घेतल्या आणि दाव्याआधीच प्रत्येकाचं पासबुक नव्या कोडचं आहे का ते बघितलं. दोघांचे कोड जुने निघाले. ते आधीच बदलून घेतल्यामुळे त्यांचे पैसे पहिल्या फेरीतच पोहोचले. एकाला मदत मिळाली नाही, कारण त्याची दोन वर्षं भरत नव्हती. दर ठेकेदाराकडं त्याचा नवा विमा क्रमांक निघाला होता आणि आधीची नोकरी जुन्या क्रमांकावर अडकली होती. ते क्रमांक जोडून घ्यायचा अर्ज दिलाय, पण त्या एकत्रीकरणाला वेळ लागतो आणि तोवर माणूस थांबत नाही. तो गोकुळ शिरगावला दुसऱ्या कामाला लागला.

भरपाईचा विषय मामांनी पुढं नेला नाही. सहायक कामगार आयुक्तांकडं अर्ज करता येईल, मी सोबत येतो, असं सांगितलं होतं. ते म्हणाले, त्याच ठेकेदाराकडं भावकीतली दोन पोरं कामाला हायत. मी पुन्हा आग्रह केला नाही.

डिसेंबरात त्यांना शिरोलीतच दुसऱ्या फाउंड्रीत काम मिळालं. तिथल्या ठेकेदाराचा माणूस नेहमीप्रमाणं नवा विमा क्रमांक काढायला बसला होता. मामांनी खिशातून ईएसआयचं ई-पहचान कार्ड काढून त्याच्या पुढ्यात ठेवलं, जुनाच क्रमांक घालायला लावला आणि बँकेचा कोड स्क्रीनवर स्वतः वाचून बघितला.